श्रमाचे ताट

दसऱ्याच्या सुमारास बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद या पट्ट्यातील मोंढ्यांत सोयाबीनची आवक सुरू होते. पोते उघडले की जुना आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, एखादा दाताखाली धरतो आणि ओलावा किती आहे ते यंत्राच्या आधी सांगतो. कोणत्या शिवाराचा माल कसा उतरतो, कोणत्या वर्षी परतीच्या पावसाने दाणा काळा पडला होता, हेही त्याला ठाऊक असते. ही पारख दोन-तीन पिढ्यांच्या अनुभवातून आलेली असते. त्याच घरातील नातू वाणिज्य शाखेची पदवी घेऊन गादीवर बसतो, तेव्हा नांदेडपासून लातूरपर्यंतचे भाव त्याला मोबाइलवर क्षणात दिसतात. पण सोयाबीनच्या रोपाला शेंग कशी लागते, हे त्याने पाहिलेले असतेच असे नाही. आजोबा वसुलीच्या निमित्ताने का होईना, खेडोपाडी जात, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसत, पीकपाणी विचारीत. नातवाला खेड्यात जाण्याचे कारणच उरलेले नाही.

असे कारण देणारी एक रीत जगात गेली पन्नास वर्षे रूढ आहे. शहरातील मनुष्य काही दिवस एखाद्या शेतावर जाऊन राहतो, रोज ठरलेले चार-सहा तास तेथील काम करतो आणि त्याच्या बदल्यात यजमान त्याला जेवण व निवारा देतो. पैशांची देवघेव दोन्हीकडून नसते. या रीतीला संघटित रूप आले ते १९७१ मध्ये इंग्लंडात. लंडनमध्ये सेक्रेटरी म्हणून नोकरी करणाऱ्या स्यू कॉपर्ड यांना शहराबाहेरच्या मातीची ओढ होती, परंतु खेड्यात ना ओळख होती ना जमीन. त्यांनी ससेक्समधील इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवार कामाला येण्याची परवानगी मागितली आणि मोजक्या सोबत्यांसह त्या तेथे गेल्या. हा प्रयोग यजमानाला आवडला आणि पाहुण्यांनाही. त्यातून उभी राहिलेली ‘वूफ’ ही चळवळ आज शंभराहून अधिक देशांत पसरलेली आहे. रासायनिक खते न वापरणारी शेते हे तिचे क्षेत्र; कारण अशा शेतीला निंदणी-खुरपणीचे हात जास्त लागतात.

जपानमध्ये त्याच काळात मासानोबू फुकुओका यांच्या डोंगरावरील फळबागेत तरुण मुले मातीच्या झोपड्यांत राहत, बागेत राबत आणि शिकत. फुकुओका नांगरणी करीत नसत, कीटकनाशके वापरीत नसत. गुजरातमध्ये महाराष्ट्राच्या सीमेलगत उंबरगावजवळ भास्कर सावे यांनी चिकू आणि नारळाची बाग याच वळणाने वाढविली. जमिनीतील जिवाला शक्य तितका कमी धक्का लावून धान्य व फळ पिकविता येते, हे अशा शेतांनी दाखविले. जैन वाचकाला त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

पैशाविना श्रम आणि श्रमाविना पैसा न घेता जेवण ही कल्पना मराठी मुलखाला परकी नाही. नांगरणी खोळंबली की शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी आपापले नांगर घेऊन एकाच्या शेतावर यावे, दिवसभरात रान उलगडून द्यावे आणि ज्याचे शेत त्याने सर्वांना पोटभर जेवू घालावे, याला इर्जिक म्हणत. बैल एकेकच असलेले दोन शेतकरी वारंगुळा करीत. माणसांच्या श्रमाची फेड श्रमानेच करण्याला सावड हा शब्द होता. ट्रॅक्टर आल्यावर या प्रथा मागे पडल्या, शब्द मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. त्यात हिशेब नव्हता असे नाही. हिशेब चोख होता, फक्त तो वहीत लिहिला जात नसे.

परंतु श्रमाच्या बदल्यात अन्न आणि निवारा या व्यवहाराला ज्याने महाराष्ट्रात संस्थेचे रूप दिले, तो पुरुष जैन होता, ही गोष्ट समाजातील अनेक तरुणांना ठाऊक नसते. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन शेतकरी कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि बोर्डिंग सोडावे लागले. समाजाच्या दृष्टीने हे पान अभिमानाचे नाही. ते लपविण्याचेही कारण नाही. कारण पुढे भाऊरावांनी उभारलेल्या प्रत्येक भोजनगृहात या प्रसंगाचे उत्तर आहे.

शिक्षण अर्धवट राहिले. काही काळ त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग काचसामानाचे आणि पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे फिरते विक्रेते झाले. व्यापारी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. नांगर विकणारा मनुष्य गावोगाव जातो, शेतकऱ्याच्या अंगणात बसतो, त्याची ऐपत जोखतो आणि उधारी बुडणार की नाही याचा अंदाज घेतो. भाऊरावांनी हे सारे केले. पण त्या अंगणांत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. नांगर घेण्याइतपत बुद्धी असलेल्या शेतकऱ्याची मुले शाळेत जात नव्हती, कारण शाळा दूर होती, आणि दूरच्या गावी राहायचे तर खायचे काय, हा प्रश्न होता. मुलांच्या शिक्षणाला फीपेक्षाही भाकरी आडवी येते, हे त्यांना विक्रीच्या फेऱ्यांत उमगले.

१९१९ मध्ये कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. तेथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहत, एका चुलीवरचे जेवत आणि ती चूल स्वतःच पेटवीत. पाणी भरणे, लाकडे फोडणे, जेवण रांधणे, भांडी घासणे, शेतात राबणे ही कामे विद्यार्थ्यांची होती. साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत हे जीवन चाले. संस्थेचे ब्रीद स्वावलंबी शिक्षण हे होते आणि त्याचा अर्थ अगदी रोखठोक होता: येथे कोणाला भीक घातली जात नाही, आणि कोणी उपाशीही राहत नाही.

कोठीत धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक करीत आपले दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या जैन स्त्रीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. १९३० मध्ये त्या वारल्या. संस्थेचा लौकिक, पदव्या, इमारती हे सारे नंतर आले. त्यांनी पाहिली ती फक्त ओढगस्त. पुढे १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यालय आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयापर्यंत पोहोचली. आज पुणे विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठी असलेली अशी योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. भाऊरावांना पद्मभूषण मिळाले १९५९ मध्ये आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे भरविलेली श्रमसंस्कार छावणी ही याच वाटेवरची दुसरी जागा. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून तेथे मे महिन्याच्या उन्हात महाराष्ट्रभरातील तरुण-तरुणी येतात, सकाळी कुदळ-फावडे घेऊन श्रमदान करतात, दुपारी-सायंकाळी व्याख्याने, चर्चा आणि गाणी होतात. वर्षानुवर्षे मराठी सामाजिक कार्यात दिसणारी कितीतरी माणसे याच छावणीतून गेलेली आहेत. साताऱ्याच्या मुलांना श्रमाची गरज होती, सोमनाथच्या मुलांना श्रमाची ओळख हवी होती. हा फरक लहान नाही, आणि आजच्या व्यापारी घरातील मुलगा दुसऱ्या गटात मोडतो हे प्रांजळपणे मानले पाहिजे.

आता मराठवाड्याकडे वळले की एक अडचणीची गोष्ट समोर येते. जेवणाच्या बदल्यात राबणारा मनुष्य येथे नवा नाही. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. पूर्वी त्याला वर्षाचे धान्य, कपडे, चपला आणि थोडे रोख मिळे. आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही की पुढचे साल त्याच मालकाकडे आपोआप बांधले जाई, कधी बापाचे कर्ज मुलाच्या खांद्यावर येई. वेठबिगारीला बंदी करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. त्याआधीचे जीवन पाहिलेली माणसे खेड्यात अजून भेटतील. त्यांच्यासमोर ‘पैसे न घेता राबायला आलेला शेटजींचा मुलगा’ उभा राहिला, तर त्यांच्या मनात काय येत असेल याचा विचार आधी करावा. एकाने स्वेच्छेने केलेला प्रयोग हे दुसऱ्याचे भोगलेले आयुष्य असते. दोघांमध्ये फरक करणारी गोष्ट एकच आहे: कंटाळा आला तर उद्या सकाळी उठून निघून जाण्याची मोकळीक.

हीच कसोटी यजमानालाही लावावी लागते, आणि येथे आडत व्यापाऱ्याने विशेष सावध असावे. मुलाला आठ-पंधरा दिवस शेतावर पाठवायचे ठरले की पहिले नाव सुचते ते आपल्याकडे माल घालणाऱ्या एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याचे. तो नाही म्हणणार नाही. आनंदाने हो म्हणेल, कोंबडी-बकरी बाजूला ठेवून शुद्ध शाकाहारी स्वयंपाक करवील, मुलाला उन्हात उभेही राहू देणार नाही. परंतु आपल्या वहीत त्याच्या नावावर उचल असेल, खत-बियाण्याची उधारी असेल, तर त्याच्या होकाराला काय अर्थ उरला? देणेकऱ्याच्या घरी जेवलेले जेवण हे श्रमाच्या बदल्यातले नसते. ते व्याजातच जमा होते. ज्याच्याशी देवघेव आहे त्याच्या शेतावर मुलाला पाठवू नये. दुसऱ्या तालुक्यातील, आपला माल दुसऱ्या मोंढ्यात नेणारा शेतकरी शोधावा. तेथे मुलगा ‘अमुक शेटजींचा’ राहत नाही. तो फक्त दोन हात असलेला पाहुणा असतो आणि त्याची खुरपणी वाकडी झाली तर यजमान तसे सांगतो.

ज्या व्यापारी कुटुंबांची स्वतःची शेती आहे आणि ती बटईने किंवा सालगड्याकरवी केली जाते, त्यांनी यजमान व्हायला हरकत नाही. मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत फुकट हात मिळाले म्हणून वेचणाऱ्या बायांचा रोज बुडणार असेल, तर तो व्यवहार तोट्याचा समजावा, मग कागदावर तो कितीही किफायतीचा दिसो. पाहुण्याला काम द्यावे ते रोजंदारीने कधीच न होणारे, नेहमी मागे राहणारे: बांधावर झाडे लावणे, रोपांना आळी करणे, बियाणे निवडून-चाळून ठेवणे, पाचट पसरणे, गोठ्यातील निगा.

शेतीतील हिंसेचा प्रश्न घरातील वडीलधारी माणसे, विशेषतः आजी, उपस्थित करतात आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. जमीन फोडण्याचा धंदा श्रावकाच्या वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत गणला आहे. त्याच परंपरेत भगवान ऋषभदेवांनी मानवाला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे शिकविली असेही सांगितले आहे; कृषी तेथे वाणिज्याच्या आधी येते. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक हा वाणिज्यग्रामचा मोठा धनिक. भगवान महावीरांकडून व्रते घेताना त्याने जमिनीवर पाचशे नांगरांची मर्यादा घातली आणि दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळे ठेवली. म्हणजे शेतीची मर्यादा त्याने ठरविली, शेती टाकली नाही. गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वस्वी वर्ज्य. आरंभी आणि उद्योगी हिंसा त्याने विवेकाने कमी करीत न्यावी, ही शास्त्राची भूमिका आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातील हजारो जैन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करून व्रते पाळतात. आणि खरे सांगायचे तर, शेतात पाय न ठेवल्याने त्या हिंसेतील आपला वाटा संपत नाही. धान्य घेणारा, विकणारा आणि खाणारा, तिघेही तिचे भागीदार आहेत. ज्याने फवारणी पाहिली आहे तो निदान कोणत्या मालाला अधिक भाव द्यावा याचा विचार करू लागतो.

विवेकाचा पहिला भाग काळ निवडण्यात आहे. चातुर्मासात जमिनीवर जीव उदंड असतात, साधु-साध्वीही विहार थांबवितात. त्या चार महिन्यांत शेतावर जाणे टाळावे. कार्तिकी पौर्णिमा झाली की वाट मोकळी होते, आणि मराठवाड्यात नेमका तोच काळ राहण्यासारखा असतो. कापूस वेचणी चालू असते, हरभरा घाट्यावर येत असतो, करडई वाढीला लागते, मार्गशीर्ष-पौषात तूर कापणीला येते. वेचणी, कापणी, मळणी या कामांत जमीन उकरावी लागत नाही. नांदेड आणि हिंगोली भागात नंतर हळद काढणीचा हंगाम येतो. ती कंद उकरून काढण्याचे काम असल्याने व्रतस्थ घरातील मुलांनी त्यास नम्रपणे नकार द्यावा. फवारणीचे काम कोणीच घेऊ नये, धर्मासाठी आणि स्वतःच्या फुप्फुसांसाठीही.

आहाराची अडचण वाटते तितकी नाही. शेतावरचा दिवस सूर्याबरोबर चालतो. वस्तीवर मावळतीच्या आत जेवणे ही तडजोड नसून सोय असते, आणि चौविहार पाळणाऱ्या मुलीला शहरातील वसतिगृहापेक्षा येथे सोपे जाते. कांदा-लसणाचे मात्र आधी स्पष्ट सांगावे लागते, कारण मराठवाड्याच्या ठेच्यात लसूण नाही ही कल्पनाच यजमानीण बाईंना करता येत नाही. पाणी गाळून, उकळून घ्यावे आणि ते स्वतः उकळावे. चुलीपाशी बसून केलेले हे काम ओळख वाढवायला फार उपयोगी पडते. तमिळनाडूत ऑरोव्हिलजवळ साधना फॉरेस्ट या नावाने २००३ पासून उजाड जमिनीवर पुन्हा जंगल उभे करण्याचे काम चालू आहे. तेथे जगभरातील स्वयंसेवक येतात आणि स्वयंपाक संपूर्ण वनस्पतिजन्य, दुधाविना असतो. देशाटनाची आवड असलेल्या तरुणांना ते ठिकाण मानवेल.

मुलींच्या बाबतीत पालकांनी एकटीला पाठवू नये, दोघी-तिघींचा गट करावा, यजमानाचे कुटुंब वस्तीवर राहते की गावात हे आधी पाहून यावे. एक दिवस आई-वडिलांनी सोबत जाऊन राहावे हे सर्वांत चांगले. कामाचे तास, झोपण्याची जागा, सुट्टीचा दिवस, आजारी पडल्यास काय करायचे, हे निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. व्यापाऱ्याच्या मुलाला अटी ठरविण्याचे वेगळे शिक्षण लागत नाही. फक्त येथे भाव पाडायचा नसतो, एवढे लक्षात ठेवायचे. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि पैसे देऊन शेतावर दोन दिवस राहण्याची सोय पुष्कळ ठिकाणी झाली. हुरडा खावा, बैलगाडीत बसावे, फोटो काढावेत, यात वाईट काही नाही. पण तेथे पाहुणा गिऱ्हाईक असतो, आणि गिऱ्हाइकाला कोणी चूक दाखवीत नाही.

चौकशीची सुरुवात बिलोलीकरांना घराजवळच करता येते. तालुक्यातील सगरोळी येथे १९५९ मध्ये बाबासाहेब देशमुख यांनी संस्कृति संवर्धन मंडळाची स्थापना केली. तेलंगणाच्या सीमेवरील या आडवळणाच्या गावात शाळांपासून शेतीपर्यंत तिचे काम पसरले आहे आणि कृषी विज्ञान केंद्रही तेथे चालते. कोणता शेतकरी सेंद्रिय शेती करतो, कोणाच्या वस्तीवर पाहुण्याला जागा आहे, कोणाला खरोखर हातांची गरज आहे, हे अशा केंद्रातील जाणकारांना विचारावे. शेजारच्या तालुक्यांतील नावे त्यांच्याकडूनच कळतील, आणि आपल्या वहीत ती नावे नाहीत ना, हे घरी येऊन एकदा पाहून घ्यावे.

आठ दिवस हा काळ पहिल्या खेपेला पुरेसा आहे. पहिले दोन दिवस पाठ धरते, तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात, चौथ्या दिवशी मुलाला घराची आठवण येते आणि त्याच दिवशी घरून फोन आला तर त्याला परत बोलावण्याचा मोह आईने आवरावा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून तो यजमानाला प्रश्न विचारू लागतो: बी कितीला पडले, मजुरी किती गेली, पोते मोंढ्यात नेईपर्यंत भाडे किती, कडता किती कापला. शेवटचा प्रश्न त्याने आजवर गादीच्या या बाजूने ऐकलेला असतो.